वडगावची मोहीम टेबलावर मांडायची तर आधी बैल रंगवा

तुमचा प्रश्न असा: चार मित्र मिळून पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातली १७७८-७९ ची वडगावची मोहीम मिनिएचर्सवर, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या फिगर्स मांडून, खेळायची आहे. स्केल कोणतं घ्यावं, फिगर्स किती लागतील, गणवेश कसे रंगवावेत, आणि इंग्रज हरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असताना खेळात राम कसा राहील?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. या मोहिमेत शेवटपर्यंत इंग्रजांची रांग फुटली नाही. धीर सुटला तो तंबूत बसलेल्या कमिटीचा. हे एकदा नीट लक्षात घेतलं की खेळ कशाचा करायचा ते आपोआप ठरतं. वडगावला दोन्हीकडच्या पलटणी समोरासमोर मांडून फासे टाकायला बसलात तर तासाभरात कंटाळाल.

घटनाक्रम खेळाला लागतो तेवढाच सांगतो. राघोबादादांना कारभारी म्हणून पुण्यात बसवायचं, या बेताने मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली. एकूण सुमारे ३,९००, त्यात गोरे सहाशेच्या आसपास, बाकी बहुतेक देशी शिपाई. सेनापती कर्नल एगर्टन, पण त्याच्या डोक्यावर कमिटी: स्वतः एगर्टन, मुंबई कौन्सिलचा जॉन कारनॅक आणि पूर्वी पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून राहिलेला मॉस्टिन. कॅप्टन स्टुअर्ट निवडक शिपायांच्या ग्रेनेडियर कंपन्या घेऊन पुढे गेला आणि महिना संपायच्या आत बोरघाट चढून खंडाळ्याला जाऊन बसला. मागची फौज पनवेलकडून रखडत, तोफांसाठी घाटात वाट करत, २३ डिसेंबरला वर पोचली. तिथून कार्ला १२-१३ किलोमीटर. तेवढ्याला त्यांनी ११ दिवस घेतले!

त्या ११ दिवसांत पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. फौजेचे दोन भाग केले होते. एक भाग थोडा पुढे सरकायचा, दुसरा त्याच्या सोडलेल्या तळावर येऊन बसायचा. भोवती मराठी घोडदळ घिरट्या घालत होतं, बाण, म्हणजे दारू भरलेले अग्निबाण, सोडत होतं, तोफा डागून निघून जात होतं. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. ४ तारखेला कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने गेला. मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’ तो हाच. एगर्टनची प्रकृती ढासळली आणि ६ तारखेला सूत्रं लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे गेली. ९ तारखेला तळेगाव गाठलं तर गाव जाळून ओस केलेलं. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर पुणंही जाळायची तयारी आहे अशी बातमी. पुणं तिथून जेमतेम ३०-३५ किलोमीटर, आणि गोणीत १८ दिवसांचा शिधा शिल्लक. तरीही ११ तारखेच्या रात्री कमिटीने मागे फिरायचं ठरवलं, जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली. १२ ला मार खात वडगाव गाठलं, १३ ला तिथे हल्ला झाला, आणि १६ तारखेला तह.

आता बैल. या फौजेबरोबर १९,००० बैल होते असा आकडा मिळतो. माणसं चार हजार, बैल एकोणीस हजार. कागद-पेन्सिल घेऊन बसा. बैल चार-चारच्या ओळीत चालवले आणि एका ओळीला तीनच मीटर जागा दिली तरी रांग १४ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे पहिला बैल कार्ल्याला पोचला तरी शेवटचा खंडाळ्यातच. एगर्टन एवढा हळू का चालला याचं उत्तर देताना बरेच जण त्याच्या आजारपणावर आणि स्वभावावर घसरतात. तेही असेल. पण १४ किलोमीटरची शेपटी सांभाळायला चार हजार माणसं असतील तर कोणीही मुंगीच्या पावलांनीच चालेल. खेळणाऱ्याला हे टेबलावर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, म्हणून आधी बैल रंगवा म्हणतोय.

चौघांची वाटणी अशी करा. एक जण पंच. एक मराठ्यांकडे. दोघे इंग्रजांकडे, पण दोघांची उद्दिष्टं वेगळी. एक जण फौजेचा सेनापती, आधी एगर्टन आणि मग कॉकबर्न. त्याला गुण मिळतात शाबूत परतलेल्या बेसचे (बेस म्हणजे फिगर्स चिकटवलेली पट्टी, टेबलावरची एक तुकडी). दुसरा कारनॅक, त्याला गुण फक्त दोनच गोष्टींचे, पुणं गाठल्याचे आणि राघोबादादांना तिथे बसवल्याचे. पाचवा गडी मिळाला तर त्याला राघोबादादा करा. त्याच्याकडे फौज नावापुरती, पण पत्रं पाठवायचा अधिकार त्याचा, आणि बाजी उलटली तर परस्पर महादजींकडे निघून जाण्याचाही. इतिहासात त्यांनी तेच केलं.

कमिटीच्या धीराला पंचाने एक आकडा द्यावा, समजा १२, आणि तो स्वतःजवळ लपवून ठेवावा. हे फार महत्त्वाचं. समोर आकडा दिसला की खेळणारा हिशोबनीस होतो. दिसला नाही की तो घाबरतो, आणि आपल्याला तो घाबरायलाच हवा आहे. आकडा कमी व्हायची कारणं इतिहासातूनच उचलायची: दिवसात दोन किलोमीटरही सरकणं झालं नाही, बैलांचा एक बेस गेला, नावाजलेला अधिकारी पडला, पुढचं गाव जळताना दिसलं, मराठ्यांचा कोणताच सरदार येऊन मिळाला नाही. वाढायची कारणं मोजकीच ठेवा. पंच दर दिवशी आकडा न सांगता खबर देतो. ‘लोणावळ्याच्या मागे आज दोन टपालवाले पकडले गेले.’ ‘शिपायांत कुजबुज आहे.’ ‘दादासाहेब म्हणतात, होळकरांचा माणूस उद्या येतो.’ आकडा शून्यावर आला की फौज कितीही धडधाकट असली तरी माघारीचा हुकूम निघतो. सेनापती झालेला गडी टेबल आपटेल. आपटू द्या. माघारीच्या रात्री पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलेचं डोकं याहून वेगळं नसावं.

होळकरांचा मुद्दा गमतीचा आहे. तुकोजी होळकर आपल्याकडे वळतील असा राघोबादादांना भरवसा होता, आणि नाना व महादजींनाही तीच धास्ती होती, म्हणून तुकोजींवर नजर होती. प्रत्यक्षात कोणी फिरलं नाही. पण खेळात ते दोन्ही बाजूंना आधी ठाऊक नसावं. तीन पत्ते करा: एकावर तुकोजी निष्ठावंत, दुसऱ्यावर तटस्थ, तिसऱ्यावर फितूर. पंचाने पिसून एक काढायचा आणि पाकिटात घालून ठेवायचा. इंग्रज तळेगावला धीर सहाच्या वर राखून पोचले तरच पाकीट फुटेल. मराठ्यांकडच्या गड्याला हवं तर आधीच होळकरी पथकं पिछाडीला ठेवून धोका टाळता येईल, पण मग तेवढे बेस त्याच्या हातचे गेले. हा एक निर्णय त्याला सबंध मोहीमभर छळतो.

मराठ्यांकडच्या गड्याला फुकटात जाळपोळ करू देऊ नका. नवशिक्यांच्या खेळांत दग्धभू धोरण, म्हणजे शत्रूला काही मिळू नये म्हणून आपलीच गावं जाळणं, हे हमखास जणू मोफत मिळालेलं हत्यार असतं. गाव आपलं, रयत आपली, महसूल आपला. प्रत्येक जाळलेल्या गावाला गुण कापा, तळेगावला जास्त, चिंचवडला त्याहून जास्त, आणि पुण्याला इतके की ते जाळून मोहीम जिंकली तरी खेळ हरल्यासारखं वाटावं. शिवाय मोकळ्या मैदानात सरळ चढाई केली तर शिपायांच्या बंदुकांची फैर आणि तोफांचा छर्रा घोडदळाची दाणादाण उडवेल असे नियम ठेवा. मग मराठ्यांचा गडी आपणहून तेच करू लागतो जे पानसे, हरिपंत फडके आणि महादजींनी केलं: जवळ जायचं, छळायचं, सटकायचं, वाट पाहायची.

इंग्रजांनाही एक खरा पर्याय हवा, नाहीतर ते फक्त बळीचे बकरे होतात. कार्ल्यापासून पुढे कोणत्याही दिवशी सेनापतीला बैल मागे सोडून हलक्या फौजेने धाव घ्यायची मुभा द्या. पाठीवर पाच दिवसांचा शिधा, दिवसाला १०-१२ किलोमीटर. मागे राहिलेले बैल निम्म्याहून अधिक जाणार हे धरून चाला. कारनॅकची परवानगी लागेल, आणि दोघांत जुंपेल. हा डाव प्रत्यक्षात यशस्वी झाला असता का, यावर रात्रभर वाद घालता येईल. माझं मत: पुण्यापर्यंत पोचले असते, पण तिथे राहिले नसते. पोचले तर काय होतं, तेवढंच टेबलावर ठरू दे.

मोहिमेचा हा भाग नकाशावर खेळायचा. मावळाचा एक साधा पट्टा काढा: खंडाळा, लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव, आणि टोकाला चिंचवड, पुणं. दर किलोमीटरला एक घर. उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगर, मधून इंद्रायणी. एक फेरी म्हणजे एक दिवस. घाटाखालचा कोकणातला रस्ता विसरू नका. मराठ्यांनी खालून टपाल आणि रसद तोडायचा उद्योग केला होता, तेव्हा त्यासाठी वेगळं एक पथक द्या. आणि नकाशाच्या बाहेर एक सोंगटी फिरती ठेवा: बंगालहून पायी निघालेली गॉडर्डची फौज. ती या मोहिमेत येऊन पोचत नाही, जानेवारीअखेर बऱ्हाणपूरपर्यंतच येते. पण दोन्ही बाजूंच्या मनात ती आहे, आणि ‘गॉडर्ड कुठवर आला?’ या प्रश्नाला पंचाने दोघांना दोन वेगळ्या अफवा सांगितल्या की बहार येते.

आता स्केल, म्हणजे फिगरची उंची. २८ मिमीच्या फिगर्स देखण्या असतात, हे मान्य. कार्ल्याच्या वाटेवर स्टुअर्टची एक कंपनी आणि पन्नासेक घोडेस्वार अशी छोटी चकमक करायची असेल तर खुशाल २८ मिमी घ्या. पण मोहीम मांडायची तर ६ मिमी, नाहीतर फार तर १० मिमी. मी ६ च्या बाजूचा आहे, कारण त्यात आकडे सुंदर जुळतात. एक बेस म्हणजे शंभर माणसं धरा आणि बेसची रुंदी ३० मिमी ठेवा. दोन रांगांत उभी शंभर माणसं साधारण तेवढेच मीटर जागा व्यापतात, म्हणजे टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. मग बंदुकीचा पल्ला १० सेंटिमीटर, छर्ऱ्याचा २५-३०, असे नियम डोळे मिटून बसवता येतात. नियमपुस्तक तुमच्या हाताला जे सवयीचं असेल ते चालेल. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

या हिशोबाने गोऱ्यांचे सहा बेस, शिपायांचे तेवीस-चोवीस, तोफखान्याचे तीन-चार. झाली इंग्रजांची टेबलावर लढणारी फौज. बैलांचा एक बेस म्हणजे हजार बैल, म्हणून बरोबर एकोणीस. हे एकोणीस बेस शिपायांच्या मागे रांगेत लावून बघा, टेबल भरून जातं. मराठ्यांची सगळी फौज बनवायच्या भरीला पडू नका. ती कित्येक पटींनी मोठी होती, पण एका वेळी अंगाला भिडणारा भाग थोडाच. घोडदळाचे २४ बेस, पायदळाचे १२, तोफांचे ६, बाणांचे ४ पुरतात. मागे हटवलेला घोडदळाचा बेस पटाबाहेर जातो आणि पुढच्या फेऱ्यांत फाशावर चार, पाच, सहा पडलं की दुसऱ्याच बाजूने परत येतो. इंग्रजांना वाटलं पाहिजे की हे संपतच नाहीत.

फिगर्स कुठून आणायच्या? वडगाव १७७९ असा नेमका संच शोधत बसू नका. ६ मिमीत युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धातले (१७५६-६३) तिकोनी टोपीवाले पायदळ शिपाई गोऱ्यांसाठी सरळ चालतात. मराठ्यांसाठी उत्तरकालीन मुघल घोडदळाच्या फिगर्स घ्या, पगडी आणि भाला असला की झालं. देशी शिपाई मिळणं जरा अवघड. त्यासाठी त्रिमितीय छपाईचा मार्ग बरा. फाइल विकत घ्यायची आणि शहरातल्या छपाईवाल्याकडून रेझिनमध्ये काढून घ्यायची. घरी प्रिंटर असेल तर ओल्या रेझिनला उघड्या हाताने शिवू नका, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

मात्र एका गोष्टीत तडजोड नको. १८०३ च्या असईच्या लढाईसाठी बनवलेल्या शिंदेशाही कवायती पलटणी इथे आणू नका. त्या उभारणारा युरोपी सेनानी दि बॉयन महादजींकडे आला १७८४ मध्ये. वडगावच्या वेळी मराठ्यांकडे गाडदी, म्हणजे भाडोत्री बंदूकधारी पायदळ, होते, अरब होते, पेटत्या वातीने उडणाऱ्या तोडेवाल्या बंदुका होत्या, पण एकसारखे डगले घातलेल्या पलटणींच्या रांगा नव्हत्या. इंटरनेटवर दिसणारी अर्धी अधिक ‘मराठा फौज’ पंचवीस वर्षं पुढची असते.

रंगांचं सांगतो. गोऱ्यांच्या पलटणीचे आणि शिपायांचे डगले लाल, तोफखान्याचे निळे. शिपायांच्या कमरेखाली आखूड पांढरी चड्डी, पाय उघडे, पायात असल्याच तर चपला, डोक्याला पगडी. उघडे पाय ही खूण ६ मिमीतही हातभरावरून दिसते, म्हणून ती चुकवू नका: मांडीच्या खाली तपकिरी रंगाचा एक बारीक ठिपका, बस्स. झेंड्याचं बघा. इंग्रजांच्या राष्ट्रध्वजात आज दिसणारी लाल तिरपी पट्टी १८०१ नंतरची. तुमच्या फौजेच्या झेंड्यात पांढरी तिरपी फुलीच हवी. कंपनीचा झेंडा लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा.

मराठ्यांच्या बाबतीत हात आखडता घ्या. सगळ्यांना भगवं करायचा मोह होतो. भगवा झेंड्याला आणि जरीपटक्याला. स्वारांचे अंगरखे बहुतेक पांढऱ्याच्या शंभर छटांत. धुवट, मळकट, पिवळसर, मांजरपाटी. पाच स्वारांच्या बेसवर तीन मळके पांढरे, एक गेरू, एक फिकट निळा किंवा हिरवा असा हिशोब ठेवला की घोळका खरा वाटतो. पगड्यांत लाल आणि किरमिजी थोडे सढळ हाताने. सरदारांच्या बेसवर एक उंची शालू-शेल्याचा रंग टाका, म्हणजे टेबलावर तो पटकन सापडतो.

आणि बैल. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, काळा नको, फिकट राखी मारा. बैल सगळे पांढरेशुभ्र करू नका. ओझ्याचे बैल मिसळीचे असतात, धुरकट पांढरे, तांबडे, करडे, एखादा काळाबांडा. फिकट रंग पूर्ण वाळला की खूप पातळ केलेला तपकिरी वॉश सोडा. तो मानेखालच्या पोळीत आणि वशिंडाच्या मागे साचतो आणि आपोआप सावली तयार होते. वॉश ओला असताना ब्रशच्या टोकाने पाठीवरचा टिपून घ्या. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वशिंडाच्या टोकावर आणि कपाळावर हस्तिदंती रंग घासा. शिंगांची टोकं गडद. पाठीवरच्या गोण्या गोणपाटी रंगाच्या, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. फिगरमध्ये गोण्या नसतील तर एम-सीलच्या मुगाएवढ्या गोळ्या चपट्या करून चिकटवा. ४०×२० मिमीच्या बेसवर सहा बैल, दोन माणसं. सगळे एकाच दिशेला तोंड करून लावू नका, एखादा वळून चरतोय, एखादा बसलाय. काही बेसवर गाडी ठेवा. असे एकोणीस बेस म्हणजे शंभराच्या वर बैल, पण चौघांत वाटले तर दोन रविवारांचं काम.

जमिनीबद्दल बोलायला हवं, कारण परदेशी साच्यातलं हिरवंगार गवत आणून मावळ बिघडवलेला बऱ्याचदा बघतो. आपल्या मनातला मावळ श्रावणातला असतो. ही मोहीम आहे डिसेंबर-जानेवारीची. भात कापून झालेलं, खाचरांत कोरडी धसकटं, बांधांवर गवत वाळून सोनेरी, डोंगरउतार पेंढ्याच्या रंगाचे. हिरवं दिसतं ते फक्त इंद्रायणीच्या काठाला आणि आंब्याच्या राईत. धसकटांसाठी नारळाचा काथ्या कात्रीने दोन मिलिमीटरचा कापून फेव्हिकॉलच्या ओळींवर उभा पेरा. मातीला वापरून, धुऊन, वाळवलेली चहापूड उत्तम. तिच्यावर मुरमाच्या तांबूस रंगाचा हलका ड्रायब्रश. बांध पुठ्ठ्याचे. आणि गवत जाळलेले पट्टे काळ्या-राखाडी रंगाचे सुटे तुकडे करून ठेवा, कारण मराठ्यांनी चारा जाळला की ते पटावर मांडायला लागतील.

डोंगर विकत घेऊ नका. बाजारात मिळणारे टेबलावरचे डोंगर बहुतेक गोल टेकड्या असतात, आणि सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: उतार, काळा कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा, वर सपाट माथा. लोहगड-विसापूरचा कोणताही फोटो समोर ठेवा. थर्माकोलचे थर एकावर एक लावा, कड्याच्या जागी सुरीने तुकडे तोडून खडबडीत करा, मग चाळलेली वाळू मिसळलेला फेव्हिकॉल. थर्माकोलवर स्प्रेचा डबा किंवा फेव्हिक्विक मारलंत तर तो विरघळून भोकं पडतील, तेवढं सांभाळा. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला हात असेल तर यात शिकण्यासारखं फारसं नाही.

टेबलावर प्रत्यक्ष लढाई मांडायची वेळ नकाशावरून येईल तेव्हा येईल. पण मोहीम लांबवायला वेळ नसेल आणि एकच रविवार असेल, तर कार्ला सोडा, वडगावचा हल्लाही सोडा. ११-१२ जानेवारीची माघारीची रात्र खेळा. या सबंध मोहिमेतला सगळ्यात चुरशीचा डाव तो आहे, आणि तो इंग्रजांसाठी हरलेला नाही.

सहा फुटी टेबल आपल्या मापाने जेमतेम १८०० मीटरचं होतं, आणि तळेगाव-वडगाव अंतर त्याच्या तिप्पट. म्हणून टेबल सरकतं ठेवा: रांगेचं तोंड कडेला पोचलं की सगळे बेस ६० सेंटिमीटर मागे घ्यायचे आणि पुढे नवी खाचरं, ओढे, राई मांडायच्या. पुढची तुकडी, मग उरलेलं सामान आणि बैल, मग कॉकबर्नची मुख्य फौज, शेवटी कॅप्टन हार्टलेची पिछाडी. सुरुवात अंधारात, १५ सेंटिमीटरच्या पलीकडचं कोणालाच दिसत नाही. मराठ्यांना माघार कधी कळते ते पंचाच्या फाशावर. इतिहासात पहाटे दोनच्या सुमारास पुढच्या तुकडीवर गोळ्या आल्या. तिथून पुढे घोडदळ कुठूनही येऊ शकतं.

हार्टलेचा गडी आणि कॉकबर्नचा गडी यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. चिठ्ठी लिहायची, पंचाकडे द्यायची, आणि अंतर पाहून ती एक किंवा दोन फेऱ्यांनी पोचेल. हार्टलेने थांबून फैर झाडली की पाठलाग मागे हटतो, पण पुढच्या फौजेशी अंतर वाढतं. ते ३० सेंटिमीटरच्या वर गेलं की त्या फटीतून स्वार घुसणार. कॉकबर्न थांबला तर पुढे वडगाव गाठायला उशीर. दोघांनाही वाटतं की दुसरा मूर्ख आहे. शिपाई हार्टलेला मानणारे होते, तेव्हा त्याच्या सहा-सात बेसना हिमतीच्या फाशावर एक जादा द्या. मराठ्यांच्या घोडदळाला बैलांचा बेस हाती लागला की फासा: एक, दोन, तीन आलं तर ते लुटीत गुंततात आणि दोन फेऱ्या जागचे हलत नाहीत. हा नियम दोन्ही बाजूंनी वापरता येतो. चतुर इंग्रज गडी मोक्याच्या जागी मुद्दाम बैल सोडून देतो.

बाणांचे नियम साधे ठेवा. रोख धरा, मग फासा टाकून दिशा चुकवा. माणसं फार मरत नाहीत, पण जवळ पडलेल्या बाणाने बैलांचा बेस फाशाने ठरेल त्या दिशेला उधळतो. अंधारात, अरुंद बांधावर, आपल्याच पलटणीत घुसलेला बैलांचा बेस काय गोंधळ घालतो ते एकदा पाहाच.

१३ तारखेचा वडगावचा हल्ला मी तरी वेगळा मांडत नाही. गावाची घरं, मातीच्या भिंती, भोवती पुढे आणलेल्या मराठी तोफा. थोड्या फेऱ्यांत निकाल दिसतो. त्याऐवजी थेट वाटाघाटीला बसा. कॉकबर्नच्या मते आणखी माघार घेणं अशक्य होतं, हार्टलेच्या मते शक्य होतं. दोन्ही गड्यांनी पंचाला आपापला बेत लिहून द्यावा आणि कारनॅकने एक निवडावा. तह करायचा ठरला तर कलमं महादजींचा गडी लिहितो: राघोबादादा ताब्यात, १७७३ पासून घेतलेला मुलूख, त्यात साष्टीही, परत, बंगालची फौज माघारी, ओलीस दोन अधिकारी. प्रत्येक कलमाला गुण द्या, पण निम्मेच. हा तह मुंबईने आणि कलकत्त्याने मानला नाही आणि गॉडर्ड फेब्रुवारीत सुरतेला जाऊन पोचला, हे मराठ्यांच्या गड्याला खेळ संपेपर्यंत सांगू नका. राघोबादादांच्या गड्याने कलमं लिहिली जायच्या आत स्वतःहून महादजींची छावणी गाठली असेल तर त्याला पूर्ण गुण. एगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक तिघांनाही पुढे कंपनीने नोकरीतून काढलं, तेव्हा इंग्रजांकडच्या दोघांनी गुण कमी पडल्याची तक्रार करू नये.

बनवलेलं सामान वाया जात नाही. एप्रिल १७८१ मध्ये हाच गॉडर्ड बोरघाटाच्या माथ्यावरून खाली पनवेलकडे हटला, आणि परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंतांनी त्याच्या सामानाची वाट लावली. तीच खाचरं, तेच कडे, तेच एकोणीस बेस. फक्त या खेपेला उतार आहे, टेबल तिरपं करून कोकणाची बाजू चांगली हातभर खाली घ्या, आणि गवत आणखी पिवळं करा.